प्रश्नोत्तराचा तास : पेण-रोह्याकडून पाहताना

संसदेविषयी आपल्या समाजात दोन समजुती दृढ आहेत. तेथे केवळ गोंधळ चालतो, ही एक. तेथे जे काही चालते त्याचा पेणच्या बाजारपेठेशी किंवा कुंडलिकेच्या काठावरील रोह्याशी काडीचा संबंध नसतो, ही दुसरी. दूरचित्रवाणीवर संसदेतील वादाचे जेवढे तुकडे दाखवले जातात तेवढे पाहून पहिली समजूत होणे साहजिक आहे. दुसरी मात्र आपल्या अज्ञानातून आलेली आहे, आणि ती दूर करण्याचा थोडा प्रयत्न या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा, असे आम्हास वाटले. शाळेत नागरिकशास्त्र शिकविताना ‘मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते’ हे वाक्य आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये ते नमूद आहे. पण जबाबदार असणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे त्या वाक्यातून मुलांना कळत नाही. ते कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रश्नोत्तराचा तास समजून घेणे.

हा अधिकार आपल्याला एका दिवसात मिळाला नाही. इंग्रजांच्या राज्यात १८९२च्या कायद्याने विधिमंडळातील सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम मिळाली. पण उत्तर ऐकून गप्प बसायचे, त्यावर उलट प्रश्न करायचा नाही, अशी अट होती. १८९३ साली जो पहिला प्रश्न विचारला गेला तो मोठा बोलका आहे. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या शिध्याची तजवीज करताना गावोगावच्या दुकानदारांना जो जाच होई, त्याविषयी तो प्रश्न होता. ज्यांच्या वाडवडिलांनी वेठबिगार सोसली त्या आमच्या वाचकांना त्या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला, आणि १९१९च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही, उपप्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. आमच्या मते खरी लोकशाही या उपप्रश्नातूनच आत आली. लेखी उत्तर कचेरीत बसून तयार करता येते. उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला उभे राहून, स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागते आणि विषयाची माहिती आहे की नाही, हे साऱ्या सभागृहाला दिसते.

आज लोकसभेत अधिवेशनाच्या दिवशी पहिला तास, सकाळी अकरा ते बारा, प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो. राज्यसभेत २०१४च्या अखेरीपासून तो दुपारी बारा ते एक असा झाला आहे. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवे असते त्याच्यापुढे तारकेची खूण करतात, म्हणून तो ‘तारांकित’. ज्याला केवळ लेखी उत्तर पुरते तो ‘अतारांकित’. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न स्वीकारले जातात. राज्यसभेत हे आकडे पंधरा आणि एकशे साठ असे आहेत. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे गट पाडून त्यांचे वार ठरविलेले असतात, आणि आलेल्या सूचनांमधून कोणाचा प्रश्न यादीत यावा हे सोडतीने ठरते. यादीतील वीसही प्रश्न तासाभरात होत नाहीत, चार-पाच झाले तरी पुष्कळ. उरलेल्यांची उत्तरे सभागृहाच्या पटलावर लेखी ठेवली जातात. आपल्या विधिमंडळातही अशीच रीत आहे. शिवाय तेथे ‘लक्षवेधी सूचना’ नावाचे एक प्रभावी साधन आहे, पण त्याचा विस्तार येथे करीत नाही.

खरी अडचण प्रश्न कोणाला विचारायचा, याची असते. दिल्लीत विचारायचा की मुंबईत? येथे आपल्या दोन तालुक्यांची उदाहरणे फार उपयोगी पडतात, कारण गेल्या वीस वर्षांत पेण-रोह्याने जे भोगले त्यातील बहुतेक गोष्टी नेमक्या या सीमेवर उभ्या आहेत.

पेण अर्बन बँकेचे घ्या. सप्टेंबर २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले आणि दोन लाखांच्या आसपास ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत गणपतीच्या मूर्ती घडविणारे कारागीर होते, भाजी विकणाऱ्या बाया होत्या, मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठविणारे निवृत्त शिपाई आणि शिक्षक होते. आता ‘बँक व्यवसाय’ हा संविधानाच्या संघसूचीतील विषय, आणि ‘सहकारी संस्था’ हा राज्यसूचीतील. बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेचा, पण संस्थेची नोंदणी आणि चौकशी राज्याच्या सहकार खात्याची. परिणामी दिल्लीत प्रश्न गेला की उत्तराचा अर्धा भाग राज्याकडे बोट दाखविणार, आणि मुंबईत गेला की अर्धा भाग रिझर्व्ह बँकेकडे. दोन्ही उत्तरे कायद्याच्या दृष्टीने बरोबर, आणि ठेवीदाराच्या हाती काहीच नाही! तथापि असे प्रश्न वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. नागरी सहकारी बँकांविषयीचे प्रश्न वर्षानुवर्षे दोन्ही सभागृहांत येत राहिले, एकामागून एक बँका बुडत गेल्या, आणि अखेर फेब्रुवारी २०२०पासून ठेवींचे विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. पेणच्या ठेवीदारांना याचा लाभ उशिरा सुचलेल्या शहाणपणाइतकाच, हे मान्य करावे लागते.

महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रश्नही तसाच. त्याचा २००५चा कायदा केंद्राचा, वाणिज्य मंत्रालयाकडचा. भूसंपादन मात्र राज्याचे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे जे जनमत घेण्यात आले ते घडले पेण तालुक्यात, पण त्याच्या मागे-पुढे जे प्रश्न उपस्थित झाले त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी दोन सरकारांत विभागलेली होती. मुंबई-गोवा महामार्गाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. तो राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६. तेव्हा उत्तर केंद्रीय मंत्र्यांनीच द्यायचे. पनवेल ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११च्या सुमारास आरंभ झाला. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही आपली गावे त्याच टप्प्यावर आहेत. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यालगतची वनखात्याची परवानगी, ठेकेदाराची आर्थिक अवस्था अशी कारणे येत गेली आणि मुदती पुढे सरकत गेल्या. जिज्ञासू वाचकाने या एका रस्त्यावरील उत्तरे वर्षाच्या क्रमाने लावून वाचावीत. एकेक उत्तर वेगळे वाचले तर समाधानकारक वाटते. ओळीने वाचली की खरे काय ते ध्यानात येते.

येथून थोडे मागे जाऊ. ज्यांच्या नावाचा रोह्याला सार्थ अभिमान आहे ते डॉ. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाडजवळील नाते गावी १८९६ साली झाला, पण बालपण बहुतांशी रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९५०मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. जानेवारी १९५६मध्ये अध्यादेश काढून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचे पाऊल त्यांनी उचलले. दोनशे पंचेचाळीस खासगी विमा संस्था सरकारच्या ताब्यात आल्या. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा मात्र देशमुख अर्थमंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर आणि मुंबईत झालेल्या गोळीबारावर सरकारशी मतभेद होऊन त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये लोकसभेत निवेदन करून पद सोडले होते.

पुढील वर्षी जे घडले ते प्रश्नोत्तराच्या तासाचे सामर्थ्य सांगणारे देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. विमाधारकांच्या पैशातून महामंडळाने जून १९५७मध्ये हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. सप्टेंबरमध्ये राम सुभग सिंह या सदस्याने याविषयी लोकसभेत प्रश्न विचारला. लक्षात घ्यावे, हे सदस्य विरोधी बाकांवरील नव्हते, सत्ताधारी काँग्रेसचेच होते. उत्तर आले ते गुळमुळीत. नोव्हेंबरमध्ये प्रश्न पुन्हा आला, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी उत्तर दिले आणि उपप्रश्नांचा भडिमार झाला. डिसेंबरमध्ये फिरोझ गांधी यांनी सविस्तर भाषण करून सारे व्यवहार उघडे केले. तेही काँग्रेसचेच, आणि पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम पाच महिने. रोह्याच्या सुपुत्राने ज्या संस्थेचा पाया घातला तिच्या तिजोरीची राखण एका प्रश्नाने केली, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

प्रश्न विकताही येतात, हेही सांगितले पाहिजे. १९५१मध्ये मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफांच्या एका संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत प्रश्न व दुरुस्त्या मांडल्याचे उघड झाले. चौकशी समितीचे अध्यक्ष होते हेच टी. टी. कृष्णम्माचारी, आणि एक सदस्या होत्या जी. दुर्गाबाई, ज्या १९५३मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या सहधर्मचारिणी झाल्या. मुदगल यांनी बडतर्फीआधी राजीनामा दिला. डिसेंबर २००५मध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला आणि अकरा खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. प्रश्नाला किंमत येते ती त्याच्यात शक्ती असते म्हणून, एवढाच निष्कर्ष यातून आम्ही काढतो.

परराष्ट्रविषयक प्रश्नांची जात निराळी. मित्रराष्ट्राचा अवमान होईल असा प्रश्न नियमानुसार स्वीकारला जात नाही, आणि वाटाघाटी चालू असताना मंत्री पुष्कळ काही हातचे राखून बोलतात. तरी त्याला मर्यादा असतात. लडाखच्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याबद्दल आपल्या सरकारने १९५८मध्येच निषेधाचा खलिता पाठविला होता, पण देशाला त्याची वार्ता नव्हती. ऑगस्ट १९५९मध्ये लोकसभेत सदस्यांनी सीमेविषयी विचारणा लावून धरली, तेव्हा परराष्ट्र खाते स्वतःकडे ठेवणाऱ्या पंतप्रधान नेहरूंना ती गोष्ट सभागृहाला सांगावी लागली. सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांतील पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका पटलावर आली. कोणता विषय घरचा आणि कोणता परका, हेदेखील काळाप्रमाणे बदलते. डिसेंबर १९६१पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. कोकणातल्या कित्येक घरांची सोयरीक तेथे होती, गोव्याच्या सत्याग्रहात महाराष्ट्रातील माणसे गोळ्या खाऊन आली होती, पण लोकसभेत त्याविषयीचे उत्तर द्यायचे ते परराष्ट्र मंत्र्यांनी! आज रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूची पुष्कळ माणसे आखाती देशांत कामाला आहेत. त्यांचा थकलेला पगार, मालकाने अडकवून ठेवलेले पारपत्र, परदेशी मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्यातील विलंब, हे सारे प्रश्न त्याच मंत्रालयाकडे जातात. अनिवासी भारतीयांचे स्वतंत्र मंत्रालय २०१६मध्ये त्यातच विलीन झाले. म्हणून ‘परराष्ट्र धोरण आपल्याला काय करायचे’ असे निदान आपल्या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये.

आता उत्तरे कशी वाचावीत, ते पाहू. सरकारी उत्तरांची एक ठरीव भाषा असते. ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’, आणि सर्वांत लाडके म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. यांतील ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर बारकाईने वाचावे. कोणता अंश खरा, हे पुढच्या परिच्छेदात दडलेले असते. अंगुत्तरनिकायात भगवान बुद्धांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : काहींना सरळ उत्तर द्यावे, काहींचे पृथक्करण करून द्यावे, काहींना प्रतिप्रश्न करून द्यावे आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. मंत्री महोदयांची उत्तरे या चौकटीत बसवून पाहण्याचा आमच्या विद्यार्थ्यांचा खेळ उद्बोधक ठरतो. फरक इतकाच की, कोणता प्रश्न बाजूला ठेवायचा याचे तथागतांचे कारण ऐकणाऱ्याचे हित हे असे. संसदेत ते कोणाचे हित असते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

‘माहिती पटलावर ठेवू’, ‘विचार करू’ असे मंत्री म्हणाले की ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे, आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३पासून काम करते. ही समिती वर्तमानपत्रांत फारशी दिसत नाही, पण तिच्यावाचून अर्धी उत्तरे हवेत विरली असती. सभागृहात शब्द दिला गेला आणि जमिनीवर काही झाले नाही, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याइतका कोणाला? रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये तो स्वीकारलाही. चवदार तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेईपर्यंत त्या कागदाला स्पर्श करू शकले नव्हते. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले होते.

पुढे ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि मध्यवर्ती विधिमंडळात सदस्यांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात ती वाचावयास मिळतात. युद्धकाळात कोळशाच्या खाणीत स्त्रियांना भूगर्भात कामाला लावण्यावरील बंदी सरकारने उठविली, तेव्हा फेब्रुवारी १९४४मध्ये त्यांना सभागृहाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. त्यांनी निर्णयाची निकड सांगितली, स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हे स्पष्ट केले, आणि हा उपाय तात्पुरता असल्याचेही सांगितले. १९४६मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. अवघड प्रश्नाला पाठ न दाखविता उत्तर कसे द्यावे, याचा हा नमुना आमच्या मते प्रत्येक मंत्र्याने अभ्यासावा असा आहे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारीत नाही. २०१४ ते २०१९ या काळात रायगडचे खासदार केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. जिल्ह्याला मंत्रिपद मिळाल्याचा आनंद सर्वांना झाला, पण त्या पाच वर्षांत आपल्या मतदारसंघाच्या नावाने प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न मांडणारा आवाज लोकसभेत उरला नव्हता. हा दोष व्यक्तीचा नव्हे, रचनेचा. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातील किंवा राज्यसभेतील सदस्याकडे जावे लागते, आणि तसे जाण्यास कोणाचीही हरकत नसते. १९६२च्या युद्धकाळात आणि २०२०च्या सप्टेंबरमधील अधिवेशनात हा तास रद्द झाला होता. २०२०मध्ये निदान लेखी उत्तरे चालू राहिली.

आमच्या वसतिगृहातील मुलांच्या शिष्यवृत्तीची रक्कम एका वर्षी फार उशिरा आली. ज्या कचेरीत चौकशी केली तिने केंद्राचा हिस्सा आला नसल्याचे सांगितले. दुसरीने राज्याचा प्रस्ताव गेला नसल्याचे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४पासून चालत आली आहे. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने तिची रचना बदलून केंद्र साठ टक्के व राज्य चाळीस टक्के असा वाटा ठरविला. तेव्हा कोण खरे बोलत होते, हे एका नेमक्या प्रश्नाने कळू शकते. नववीच्या वर्गाने शिक्षकांच्या मदतीने त्याचा मसुदा केला, तो येथे देतो :

‘सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) गेल्या तीन वर्षांत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीपोटी महाराष्ट्राला केंद्राच्या हिश्श्याची किती रक्कम व कोणत्या तारखेस देण्यात आली, (२) रायगड जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांच्या खात्यांत ती शैक्षणिक वर्ष संपण्यापूर्वी जमा झाली, (३) विलंब झाला असल्यास त्याची कारणे काय, आणि (४) तो टाळण्यासाठी कोणती उपाययोजना करण्यात आली आहे?’

दीडशे शब्दांची मर्यादा यात पाळलेली आहे, कोणाचे मत विचारलेले नाही, आरोप केलेला नाही, आणि न्यायप्रविष्ट असे काही नाही. चारही भाग असे आहेत की त्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे म्हणून मोकळे होणे कठीण जावे. कातकरी मुलांच्या शिष्यवृत्तीचा मसुदा स्वतंत्र करावा लागेल, कारण ते मंत्रालय वेगळे, आदिवासी कार्य मंत्रालय. खासदारांच्या कार्यालयाकडे असा मसुदा कोणीही नागरिक पाठवू शकतो. तो अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच द्यावा, कारण पंधरा दिवसांची सूचना आणि सोडत यांत बराच वेळ जातो. उत्तर आल्यावर ते लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने, मंत्रालयाच्या नावाने किंवा तारखेने शोधता येते. ते इंग्रजीत आणि हिंदीत असते. ते मराठीत आणून वाचनालयाबाहेरील फलकावर लावण्याचे काम दहावीच्या वर्गाने आपणहून मागून घेतले आहे.